सहा पट्ट्यांतली कुजबुज

१

उत्तरेश्वर लोमटे आपल्याच कंपनीच्या गच्चीवरून खाली पडला, तेव्हा कॅमेरा चालू होता. पण कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे होतं.

कोथरूडमधल्या त्या इमारतीत त्याची हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी होती. कंपनीवर एक छोटी फिल्म करायची म्हणून अभिनव नावाच्या कॅमेरामनने दुपार कलताना गच्चीच्या मधोमध कॅमेरा लावला, टेकडीकडे रोखला, तो सुरू केला आणि "बॅटरी घेऊन येतो, तोवर कुणी हलू नका," असं सांगून तो खाली गेला. कॅमेऱ्याच्या मागे तीन माणसं उरली. उत्तरेश्वर मधोमध, रस्त्याच्या बाजूच्या कठड्यापाशी. वॉटरप्रूफिंगच्या कामासाठी तो कठडा तिथे गुडघ्याएवढाच ठेवला होता. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला पाण्याच्या टाकीपाशी त्याचा भागीदार श्याम केळकर. उजव्या हाताला डिश अँटेनापाशी टेस्टिंग विभाग सांभाळणारी भाग्यश्री राऊत.

अभिनव फाटकाशी पोचून वॉचमनशी दोन शब्द बोलत होता, तेवढ्यात उत्तरेश्वर त्या दोघांच्या पुढ्यात येऊन पडला.

श्याम म्हणाला, "मी टाकीपाशी होतो. ओरडल्याचं ऐकलं आणि धावलो." भाग्यश्री म्हणाली, "मी डिशपाशी होते. ओरडल्याचं ऐकलं आणि धावले." समोरच्या गच्चीवर वाळवण राखणाऱ्या दुर्गाबाई दांडेकरांनी दोघांना त्याच जागी पाहिलं होतं.

"अहो, मी पापड राखत होते, माणसं नाही," त्या पोलिसांना म्हणाल्या. "तरी दिसलं ते सांगते. तो उंच माणूस टाकीशी, ती बाई त्या थाळीशी, आणि बिचारा तो मध्ये. मग मी डबा आणायला आत गेले. परत आले तर तुमची गाडी खाली."

इन्स्पेक्टर जया भोईटे यांनी चौकीतल्या टीव्हीला जोडून ते चित्रण पुन्हापुन्हा पाहिलं. टेकडी, ऊन, वारा आणि शेवटी एक किंकाळी. बाकी काही नाही. आपणहून तोल गेला असेल तर माणूस असाच ओरडेल, आणि ढकलला असेल तरी असाच.

"आवाजाचं काही असेल तर हिरा वानखेडेला विचारा," अभिनव म्हणाला. "सदाशिव पेठेत तिची एडिटिंगची खोली आहे."

जया भोईटे यांनी आणलेली चित्रणाची सीडी हिराने मशीनमध्ये घातली. चित्र आलं, पण आवाजाची पट्टी कोरीच. बरीच खटपट केल्यावर आवाज आला तोही टीव्हीवर होता तसाच. तिने फाईलची माहिती उघडली आणि खुर्ची जया भोईटे यांच्याकडे वळवली.

"मॅडम, हा नवा कॅमेरा आहे. एकाच वेळी सगळ्या बाजूंचा आवाज घेतो आणि दाबून एकाच फाईलमध्ये भरतो. माझं सॉफ्टवेअर त्यातले पुढचे दोनच उघडतंय."

"आणि मागचे?"

"आहेत ना. फाईलमध्ये आहेत. आपण ते अजून ऐकलेलेच नाहीत."

२

अमरावतीहून पुण्यात शिकायला आली तेव्हापासून हिराची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, भाग्यश्री. पेठेतल्या एकाच खोलीत दोघींनी कॉट, बादली आणि परीक्षेचे दिवस वाटून घेतले होते. त्यामुळे ती त्या दिवशी गच्चीवर होती हे माहीत असूनही, मशीन अडलं तेव्हा हिराने फोन लावला तो तिलाच.

"मागचे आवाज वेगळे निघतात?" भाग्यश्रीने विचारलं.

"निघायला हवेत. पण तसं सोडवणारं काही माझ्याकडे नाही."

"थांब, मी आणते. ऑफिसात आमच्याकडे असतात असली खेळणी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. रडून डोळे सुजले होते, तरी हिराशेजारी खुर्ची ओढून बसली. पेन ड्राइव्हवरचा कन्व्हर्टर, म्हणजे फाईल सोडवणारा प्रोग्रॅम, उघडला. खाली एक बारीक चौकोन होता, त्यावर बरोबरची खूण आधीच होती.

"ती खूण काढ," भाग्यश्री म्हणाली. "नाहीतर तुझ्या सॉफ्टवेअरला फाईल उघडत नाही. मला माहीत आहे."

हिराने खूण काढली. एका फाईलच्या सहा झाल्या. एडिटिंगच्या पडद्यावर सहा पट्ट्या एकाखाली एक उभ्या राहिल्या आणि सॉफ्टवेअरने त्यांना आपली नावं दिली. पुढची डावी, पुढची उजवी, मधली, दणक्याची, मागची डावी, मागची उजवी.

"ही दणक्याची कशाला?"

"थिएटरात छातीत धडधडतं ना, ते. ढग, ट्रक, ढोल, असले जड आवाज," हिरा म्हणाली.

"मग त्यात काय ऐकायचंय?" म्हणत भाग्यश्रीने माऊस पुढे ओढला आणि ती पट्टी बंद करून टाकली.

मागच्या उजव्या पट्टीत बहुतेक काहीच नव्हतं, नुसती कुठे लांबून यावी तशी धपधप. मग हिराने मागची डावी लावली. वाऱ्याच्या आवाजाखाली सिमेंटवर घाईने पडलेली पावलं. मग अगदी स्पष्ट कुजबुज : "बास झालं. आता बास." मग कापड ओढल्याचा आवाज आणि ती किंकाळी.

कुजबुजीला ना बाईचा आवाज असतो, ना पुरुषाचा. पण बाजू असते.

"डावीकडून," भाग्यश्री पुटपुटली. तिने तोंडावर हात धरला. "टाकीकडून. श्याम."

त्याच संध्याकाळी जया भोईटे यांनी श्यामला ताब्यात घेतलं. आदल्या दिवशी ऑफिसात त्याचं आणि उत्तरेश्वरचं कडाक्याचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं. कोठडी संपल्यावर त्याची रवानगी येरवड्याला झाली.

हिराला मात्र झोप लागेना. खोलीत एकटी असताना पाठीमागे कुणीतरी घाईने येतंय असं वाटायचं. ती वळून बघायची. खुर्ची, कपाट, दोरीवरचा टॉवेल. पुन्हा पडद्याकडे वळली की पुन्हा तेच.

३

कोर्टासाठी सहाही पट्ट्या वेगवेगळ्या सीडीवर हव्यात, असा भोईटे मॅडमचा निरोप आला. हिराने गुरुवारी सकाळी काम काढलं. गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा दिवस. त्याआधी उरकायचं म्हणून ती एकेक पट्टी हेडफोनवर ऐकत सीडीवर उतरवत होती. पाठीमागच्या कॉटवर भाग्यश्री बसली होती. उत्तरेश्वरच्या आठवणीत एक फिल्म कर, असं सांगायला ती आली होती, पण बराच वेळ काही बोलत नव्हती.

चौथी, दणक्याची पट्टी हिराने पहिल्यांदाच उघडली.

आणि तिच्या कानात पोपट किंचाळले.

एक नव्हे, अख्खा थवा गच्चीवरून ओरडत गेला. तीक्ष्ण, चिरका, लख्ख आवाज. हिरा बघतच राहिली. ज्या पट्टीत ढगांचा गडगडाटच काय तो यावा, तिच्यात पोपट कसे शिरले? पुढे त्याच पट्टीत ती पावलंही होती, पण लांबची, पुसट. कुजबुज तर जेमतेम.

तिने मागची उजवी पुन्हा लावली. धपधप. वाऱ्याचा जड ठोका, खालून गेलेल्या ट्रकची घरघर. बाकी ठार मुकं. उघड्या गच्चीवर एक बाजू अशी मुकी असतेच कशी? ही बाजू नव्हतीच. दणक्याची पट्टी होती ती. फाईलमध्ये ती सगळ्यात शेवटी होती आणि सॉफ्टवेअरने शेवटच्या जागेला 'मागची उजवी' हे नाव चिकटवलं होतं.

म्हणजे नावं चुकली होती. आतला क्रम वेगळा आणि सॉफ्टवेअर समजत होतं तो वेगळा. दणक्याची शेवटी असेल, तर मागच्या दोन्ही एकेक घर वर सरकणार. चौथी, जिच्यात पोपट ओरडले, ती खरी मागची डावी. आणि पाचवी, जिच्यात पावलं घाईने जवळ आली, जिच्यात ती कुजबुज होती, ती...

मागची उजवी. डिश अँटेनाची बाजू.

हिराच्या डोळ्यांपुढे तो बारीक चौकोन आला, पट्ट्यांचा क्रम जुळवून देणारा. ती खूण काढ.

"काय गं?" मागून आवाज आला. "एवढी दचकलीस का?"

"कुठे काय."

"हिरे, हेडफोन काढ बघू."

हिराने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याच वेळी लाईट गेले, पंखा मंदावत थांबला आणि टेबलाखालचा यूपीएस टुक, टुक करू लागला. बंद खोलीत तेवढाच आवाज.

भाग्यश्री उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. खुर्चीच्या पाठीवर तिने दोन्ही हात ठेवले. हिराला ती दिसत नव्हती. पडद्यावर तिची सावली तेवढी दिसत होती, सहा पट्ट्यांवर पसरलेली.

"चौथी ऐकलीस तू," भाग्यश्री शांतपणे म्हणाली.

हिराने ती पट्टी बंद केली. "कोर्टाला सगळ्या हव्यात म्हणून. काही नाही त्यात. दणके."

"मग पुसून टाक. सगळंच पुसून टाक. श्याम आत गेलाय, काम झालंय. कशाला रोज ते मरण ऐकत बसतेस?"

"पोलिसांकडे मूळ आहे."

"त्यांना कुठे उघडता येतं?"

टुक, टुक, टुक.

"इथे गुदमरायला होतंय," भाग्यश्री म्हणाली. "चल, जरा गॅलरीत उभ्या राहू."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गॅलरीचा लोखंडी कठडा हिराच्या कमरेलाही पुरत नव्हता. एवढ्या वर्षांत त्या दोघींनी तिथे उभ्या राहून किती कप चहा प्यायला असेल, आणि आज तिथवरची चार पावलं तिला टाकवेनात.

"हो, हो. तू हो पुढे, मी मशीन बंद करते. नाहीतर जळायचं."

खुर्चीवरचे हात सुटले. भाग्यश्री गॅलरीत गेली आणि पाठ न वळवता, हिराकडे बघत उभी राहिली. हिराने वाकून यूपीएसचं बटण दाबलं. टुकटुक थांबली. सरळ होता होता तिने पर्स उचलली, दार उघडलं आणि जिन्याकडे धूम ठोकली.

"हिरे!"

दुसऱ्या मजल्यावर तिला मागून पावलं ऐकू आली. घाईची. ती पावलं तिला पाठ होती. हेडफोन लावून तिने ती शंभरदा ऐकली होती.

४

खाली गल्लीत भाजीची गाडी उभी होती, दोन बायका भाव करत होत्या, क्लासला निघालेल्या पोरींचा घोळका चालला होता. हिरा सरळ त्या घोळक्यात घुसली. वळून पाहिलं तर भाग्यश्री इमारतीच्या दारात थांबली होती. तिने हलकेच हात केला, नेहमी निघताना करायची तसाच, आणि ती उलट्या दिशेने चालती झाली. त्या हात करण्याची भीती हिराला किंकाळीपेक्षा जास्त वाटली.

जया भोईटे यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेव्हा डावीकडे होतं, आज उजवीकडे. उद्या वर म्हणाल. वकील मला उभी जाळेल."

"मॅडम, मी खरं सांगतेय."

"तुम्ही खोटं बोलताय असं म्हटलं का मी? घाबरलेलं माणूस खरं बोललं तरी पुरावा होत नाही, एवढंच म्हणतेय." त्यांनी टोपी उचलली. "तो कन्व्हर्टर कुणी आणला?"

"तिनेच."

"आणि खूण कुणी काढायला लावली?"

"तिनेच."

"टेस्टिंग करते ना ती? म्हणजे कशाने काय बिघडतं, हे बघण्याचाच पगार घेते." त्या दारापाशी थांबल्या. "आधी येरवड्याला जाऊन येते. त्या केळकराने भांडणाबद्दल अजून तोंड उघडलेलं नाही. आता उघडेल."

श्यामने खरोखरच तोंड उघडलं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाची मात्रा दाखवताना चूक होत होती. एका गावच्या हॉस्पिटलात त्यापायी एक मुलगी दगावली होती, आणि डॉक्टरांना अजून पत्ताच नव्हता की दोष सॉफ्टवेअरचा होता. उत्तरेश्वर हे कंपनीच्या फिल्ममध्ये, कॅमेऱ्यासमोर सांगून टाकणार होता.

"मी त्याला एवढंच म्हटलं, आधी त्या मुलीच्या घरी जा, मग कॅमेऱ्याकडे बघ," श्याम म्हणाला. "त्यावरून भांडलो. बोललो नाही, कारण ते उघड करायचं की नाही हे ठरवायला तो उरला नव्हता."

"ते सॉफ्टवेअर तपासून पास कुणी केलं होतं?"

"भाग्यश्रीने. न तपासता. ते तिने उत्तरेश्वरपाशी रडत कबूल केलं होतं. तो म्हणाला होता, नावं घेणार नाही. पण तिचा विश्वास बसला नसावा."

शुक्रवारी सकाळी जया भोईटे हिराला घेऊन त्याच गच्चीवर गेल्या. तोच कॅमेरा, तीच जागा, तोंड टेकडीकडे. एका हवालदाराला टाकीपाशी उभं केलं, दुसऱ्याला डिशपाशी. कॅमेरा सुरू झाल्यावर पहिला ओरडला, "टाकी!" दुसरा ओरडला, "डिश!" मग एकेक करून दोघेही कठड्यापर्यंत धावले. समोरच्या गच्चीवरून दुर्गाबाई हे सगळं बघत होत्या.

"परत कुणाला ढकलायचंय का?" त्यांनी विचारलं. "आधी सांगा, म्हणजे पापड आत घेते."

हिराच्या खोलीत आता दाराशी एक शिपाईबाई बसली होती. हिराने ती खूण काढून फाईल सोडवली, अगदी तेव्हासारखी. सहा पट्ट्या उभ्या राहिल्या. 'मागची डावी' लावली.

"डिश!" पट्टी ओरडली.

'दणक्याची' लावली. "टाकी!"

'मागची उजवी' लावली. धपधप.

मग हिराने खूण पुन्हा केली आणि तीच फाईल नव्याने सोडवली. फाईल विनातक्रार उघडली. टाकी डावीकडे गेली, डिश उजवीकडे, आणि दणके आपल्या जागी. उत्तरेश्वरची फाईलही तशीच सोडवली. पावलं डिशकडून निघाली, कठड्याशी आली आणि कुजबुजली.

जया भोईटे उठून टोपी घालू लागल्या. "आता होतो पुरावा," त्या म्हणाल्या.

५

भाग्यश्री पळून गेली नव्हती. ऑफिसात आपल्या टेबलापाशीच सापडली. चौकीत तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. हिरा कोपऱ्यात बसली होती. तिने यायलाच हवं असं नव्हतं, पण आली होती.

"तुम्ही कुठे उभ्या होतात?" जया भोईटे यांनी विचारलं.

"डिशपाशी. सांगितलंय मी."

"किंकाळीच्या आधी हललात?"

"नाही."

"टाकीकडे गेला होतात?"

"अजिबात नाही. टाकीपाशी श्याम होता."

"समोरच्या बाईंनीही तेच सांगितलंय. तेव्हा डिशपाशी तुम्ही एकट्याच, हे पक्कं. लिहून घ्या हो." हवालदाराने लिहून घेतलं. मग जया भोईटे यांनी हिराकडे पाहून मान हलवली.

हिराने आधी हवालदारांच्या हाका ऐकवल्या, खूण काढून आणि खूण ठेवून. मग ती पावलं. मग ती कुजबुज.

भाग्यश्रीने डोळे मिटले. तिचा चेहरा एकदम थकलेला दिसला, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून दिसायचा तसा.

"तो त्या दगावलेल्या मुलीचा फोटो खिशात घेऊन हिंडत होता," ती म्हणाली. "मला दाखवायचा. म्हणायचा, आपण हिला विसरायचं नाही. मी विसरणार होते का? मला रोज ती दिसायची. त्या दिवशीही त्याने फोटो खिशातून काढला आणि म्हणाला, हा कॅमेऱ्यापुढे धरणार आहे. मला एवढंच हवं होतं की त्याने गप्प बसावं." तिने आपले तळवे बघितले. "कठडा किती बुटका आहे ते माझ्या लक्षातच आलं नाही. निदान मी स्वतःला तसं सांगते."

"आणि श्याम?"

"तो सुटला असता कधीतरी. असं वाटलं मला."

"आणि मी?" हिराच्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "भाग्या, गॅलरीत मी आले असते तर?"

भाग्यश्रीला खरंच माहीत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि हिराला वाटलं, ती हो म्हणाली असती तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी कागदपत्रं पुरी होऊन श्याम केळकर येरवड्याच्या मोठ्या दारातून बाहेर आला. दुपारचं ऊन होतं. हिरा स्कूटीला टेकून उभी होती. तिला बघून तो थांबला.

"मला आत घालणाऱ्या त्या पट्ट्यावाल्या तुम्हीच ना?"

"हो. मीच."

"आणि बाहेर काढणाऱ्याही?"

"हो."

"मग घरीही सोडा. रिक्षावाले इथून निघालेल्या माणसाकडे फार निरखून बघतात."

तो मागे बसला. हिराने किल्ली फिरवली, पण स्कूटी हलेना, कारण तिचा हात हलेना. पाठीमागे एक माणूस अगदी जवळ, न बोलता बसला होता. आता हे असंच राहणार, जिन्यात, रांगेत, सिनेमात, हे तिला त्या क्षणी कळलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही गप्प बसू नका," ती म्हणाली. "घर येईपर्यंत बोलत राहा. काहीही बोला."

श्यामला समजलं असावं, कारण तो खाकरला आणि मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने तुरुंगातल्या आमटीवर टीका करू लागला. तिच्यात डाळ शोधायला वेगळा पंचनामा लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. हिराने हळूच गाडी रस्त्यावर घेतली.